बिनरंगाची राधा

नाव एकदाच घेते: आत्माराम. पुन्हा घेणार नाही. आमच्या काळी नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं की सासूबाई हातातलं काम टाकून बघत राहायच्या. त्या गेल्या, पण माझी सवय गेली नाही. तर आमचे हे. उंचीनं बेताचे, अंगानं सडपातळ, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. अलोऱ्याच्या अलीकडे डोंगराला टेकून आमची वाडी. भात, नाचणी, चार काजू, दोन फणस, एवढ्यावर आमचा संसार. वर्षाचे अकरा महिने ह्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. पण शिमगा आला की हे राधा होत, आणि मग मुंबईचे चाकरमानी रजा टाकून ह्यांना बघायला येत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते, पालखीबरोबर खेळे, म्हणजे नाचणारे-वाजवणारे, असतात, आणि खेळ्यांत एक राधा असते. पुरुषच तो, लुगडं नेसून मृदंगावर नाचणारा. आमच्या गावात राधेचा मान एकाच घराचा, आणि ते घर आमचं. आजेसासऱ्यांनी नाचवली, सासऱ्यांनी नाचवली. थोरले दीर काशीराम गिरणीत गेले म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच ह्यांच्या पायात चाळ आले. दुसऱ्या गावच्या राधा तोंडाला सफेदा फासून, वर गुलाबी चोळून येतात. आमची राधा काहीच लावत नाही. बाहेरचे लोक त्याचं कारण विचारतात, आणि गावातली पोरं काहीतरी ठोकून देतात, की म्हणे देवाचा कौल झाला. कौलबिल काही नाही. झालं ते एकाच शिमग्यात, माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि पुढं तीच रीत पडली.

मी मैना, चिपळूणची. लग्न करून वाडीवर आले तेव्हा ह्यांच्या कपाळावर आणि गालांवर मुरमं नुकती उठायला लागली होती. त्या वयात कुणाला उठत नाहीत? पण ह्यांची साधी नव्हती. लाल, ठणकणारी, एक बसलं की शेजारी दुसरं हजर. भाताची लावणी संपेपर्यंत तोंडावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. कुणी म्हणालं, वर्षानुवर्षं थापलेल्या सफेद्यानं झालं. कुणी म्हणालं, तरुण रक्ताची उष्णता. वाडीतले टवाळ माझ्याकडे बघून हसायचे, आणि मी त्यांच्याकडे असं बघायची की पुन्हा हसायचे नाहीत.

मला तोंडाचं काही नव्हतं. पण आमचे गावकर आप्पा, म्हणजे गावातले पहिले मानकरी, त्यांनी बैठकीत सरळ सांगितलं, "राधा म्हंजे देवाच्या पुढ्यात नाचणारी बाय. तिचा थोबाड असा फणसावानी? शिमग्यापतुर नीट झाला तर बरा. नायतर अवंदा सदू नाचंल." सदू हा आप्पांचा पुतण्या. तोंड लोण्यासारखं. एकदा गेलेला मान परत घरात येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. हे घरी आले, जेवले नाहीत, गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाचं सगळं काही त्या चाळांत आहे.

मग उपाय सुरू झाले. पहिली पाळी सासूबाईंची. त्यांनी शंख सहाणेवर उगाळला, जायफळ उगाळलं, दोन्ही दुधात कालवून लेप दिला. त्यांचा लेप आणि त्यांचा हात, दोन्ही जोरकस. भांडं घासावं तसं त्यांनी ते तोंड घासलं. सकाळी मुरमं होती तिथंच होती, आणि मधली चांगली कातडी तेवढी सोलवटून लाल झाली होती. "उतार पडतोय," सासूबाई म्हणाल्या. मी चुलीकडे तोंड फिरवून घेतलं.

गणपतीला काशीरामभावजी मुंबईहून आले ते एक पत्र्याची डबी घेऊन. वर गोऱ्या मडमेचं चित्र. आत पिवळं मलम, वास गंधकाचा. फटाके उडवल्यासारखं घर दरवळायचं. भावजी म्हणाले, "मुंबयला समदे ह्याच लावतात." लावलं. थोड्याच दिवसांत गालांचे पापुद्रे निघायला लागले. हसले तरी कातडी तडकायची, म्हणून हसणंच बंद. आधीच कमी हसणारा माणूस!

तरी धीर सोडला नाही. चिपळूणच्या बाजारात पेठेच्या तोंडाशी एक मलमवाला बसायचा. त्यानं पांढरं मलम दिलं आणि वर सांगितलं की राणीसाहेबांच्या तोंडाला हेच लावतात. कुठल्या राणीसाहेब ते यांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. यांनी विचार केला, एक औषध सावकाश लागू पडतं, तर दोन घाईनं पडतील. सकाळी भावजींचं पिवळं आणि त्याच्यावर हे पांढरं. दोन दिवसांनी तोंड काळं पडायला लागलं. डाग नव्हे, तव्याच्या बुडासारखं सरसकट काळं! राखेनं धुतलं, शिकेकाईनं धुतलं, जाईना. मी चिपळूणला माहेरी गेले होते तेव्हा दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "अगो बाय, एकात गंधक, एकात पारा. दोघांना एकत्र कोण आणतो? धुऊन जायचं नाही, कातडीबरोबर निघेल. आता कृपा करून काही लावू नका." ही गोष्ट मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितली. यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं ते मला पुढं कळायचं होतं.

काळेपणा हळूहळू निघाला. माघ गेला, फाल्गुन लागला. मुरमं पुन्हा होती तशी. आप्पांचा निरोप आला की सदूला चाळ बांधून सराव चालू केलाय. आणि त्याच दिवसांत काजू पिकतात.

आता आमच्याकडची एक गोष्ट. लावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहून पायांच्या बोटांत चिखल्या होतात, पाय कुजल्यागत होतात. त्यावर आमचा एकच इलाज, काजूच्या टरफलाचं तेल. टरफल तापवायचं, निघालेला काळा थेंब चिखलीवर टेकवायचा. माणूस एकदा बोंबलतो, पण चिखली सुकते. हेच तेल हाताला लागलं तर हात उततो, म्हणून काजू सोलताना आम्ही बायका बोटांना राख चोळतो. हे यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांनी मनाशी हिशेब मांडला. पायाची कातडी जाड तिथं नुसतं तेल, तोंडाची पातळ तर त्यात खोबरेल घालू. पायाचं सुकतं ते तोंडाचं का सुकणार नाही? पुण्याचा माणूस असं करणार नाही. त्याला मुळात काजूच्या तेलाचा गुणच ठाऊक नसतो. ही चूक करायला कोकणातच जन्म घ्यावा लागतो.

मला न सांगता गोठ्यामागे गेले. माडाच्या झावळीतली हिराची काडी घेऊन एकेका मुरमावर थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुळ्यासारखी बघतच राहिले. तोंड सुजून भोपळ्याएवढं. डोळे मिटलेले. ठेवलेल्या थेंबांच्या जागी काळे चट्टे आणि पाणी सुटलेले फोड. मी रडले, रागानं बोलले, नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "शिमग्याक किती दीस रायले?"

सूज उतरली, फोड बसले. होळी पेटली तेव्हा तोंडाची अवस्था अशी होती की जुनी मुरमं काही गेली होती, काही राहिली होती, आणि त्यांच्यामध्ये कच्ची गुलाबी कातडी आणि जळाल्याचे काळे ठिपके. सफेदा जरा टेकवून बघितला तर डोळ्यांतून धारा. रंग लावणं शक्यच नव्हतं.

पालखी निघायच्या सकाळी सारा गाव सहाणेवर जमला. सहाण म्हणजे पालखी बसवायचा चौथरा. सदू रंगून तयार होता. खरंच सुरेख दिसत होता, खोटं कशाला बोलू. हे एका बाजूला उभे, चाळ हातात.

आमच्या गावात राधेचं लुगडं त्या-त्या वर्षी गावात आलेल्या शेवटच्या सुनेचं असतं. तिनं ते देवासमोर स्वतःच्या हातानं राधेच्या हातात द्यायचं. त्या वर्षीची शेवटची सून मी. माझं लग्नातलं हिरवं लुगडं घडी करून मी हातावर धरून उभी होते. आप्पा म्हणाले, "दे पोरी, सदूच्या हातात दे."

मी काही धीट बाई नव्हते. पण मी यांच्याकडे बघितलं. खाली मान घालून उभा राहिलेला तो माणूस मला बघवेना. मला देखणा नवरा नको होता, मला माझा नवरा हवा होता, आणि तो तिथं उभ्या उभ्या संपत चालला होता. मी चौथऱ्याला वळसा घातला आणि लुगडं त्यांच्या हातात ठेवलं.

आप्पा कडाडले, "काय केलास ह्या?"

"लुगडा माजा हाय," मी म्हणाले. "माज्या हातान दिला. देवासमोर दिलेला परत कसा घेवचा, ता तुमीच सांगा."

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या बाईचं उभं राहणं म्हणजे काय ते गावाला ठाऊक होतं. आप्पांनी मृदंगवाल्या केरूमामांकडे बघितलं. केरूमामा मृदंगाला कणीक चोपडण्यात गढून गेले होते. शेवटी आप्पा म्हणाले, "बरा. नाचू दे. पण तोंडावर पदर घ्यायचा, पार हनवटीपतुर. लोकांनी हसाया नको."

तेव्हा ह्यांनी मान वर केली. कितीतरी महिन्यांनी मी ते तोंड असं उन्हात, सगळ्यांसमोर, सरळ बघत होते. "आप्पानु," ते म्हणाले, "पदर डोक्यावर घेईन, तोंडावर नाय. हसायचा तर हसू दे. राधा तोंड लपवून नाचली तर ता देवाक कसा आवडंल?"

आणि नेसले. आणि नाचले. काय सांगू कसे नाचले! आप्पांच्या अंगणापासून सुरुवात झाली. पहिल्यांदा पोरं फिदीफिदी हसली, हो, हसली. मग केरूमामांनी लय वाढवली, आणि चाळांचा एक एक घुंगरू ऐकू यावा असे ते पाय पडायला लागले. गिरकी घेऊन थांबताना पदर एका बोटावर धरायची त्यांची एक ढब होती, ती सासऱ्यांकडून आलेली. म्हाताऱ्या बाया ती बघून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. वरच्या वाडीपर्यंत सगळा गाव मागं चालत होता, आणि तोंडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सदू तर सगळ्यांत पुढं, झांज वाजवत. मला हळूच म्हणाला, "वयनी, बरा केलास. माज्याच्यान एवढ्या चढणी नाचवल्या नसत्या." आप्पांनी परतीच्या वाटेवर स्वतःच्या हातानं ह्यांच्या ओटीत नारळ घातला. तोंड जरा वाकडंच ठेवून घातला, पण घातला.

आमचं घर शेवटचं. राधा दारात आली की घरातल्या सुनेनं तिला ओवाळायचं आणि कुंकू लावायचं, ही रीत. म्हणजे मी माझ्याच लुगड्यातल्या माझ्याच नवऱ्याला ओवाळायचं. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि मला त्यांच्याहून जास्त हसू येत होतं. सारं गाव माझ्या अंगणात उभं होतं आणि माझा माणूस त्याच्या मधोमध, उघड्या तोंडानं. अभिमानानं मी ताट दोन्ही हातांनी उंच धरलं.

ओवाळलं. कुंकवात बोट बुडवलं आणि हात तिथंच थांबला. कपाळावरची कातडी अजून ओली होती. त्या तेलानंतर त्यांनी मला तोंडाला हात लावू दिला नव्हता.

"झोंबंल तुमाला," मी हळूच म्हणाले.

"झोंबू दे," ते म्हणाले. "काय काय लावून झाला ह्या तोंडाला. ह्या तेवढा मानाचा हाय. चांगला दाबून लाव."

मी दाबून लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड त्यांनी जराही मागं घेतलं नाही. केरूमामांनी मृदंगावर थाप मारली आणि हे नाचायला वळले.