बॉनेटवरचा हात

हसा, पण चहा खाली ठेवून हसा, सांडेल. जुनी गाडी घ्यायला मी सावद्याला गेलो होतो, तेव्हा जो शहाणपणा केला तो सांगतोय.

आईला आता एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. मुक्ताईनगरला तिची एकुलती एक बहीण. दोघी रोज फोनवर एकमेकींना "ये ना गं" म्हणतात आणि जाणं काही होत नाही. म्हणून गाडी हवी होती. जुनी चालेल, पण इंजिनानं अजून काही वर्षं काढायला हवीत!

इंजिनातलं मला काय कळतं? काही नाही. पण जळगावातल्या एका मेकॅनिक मित्रानं कानमंत्र दिला. "इंजिन थंड असताना सुरू करून बघ. त्यात किती दम उरलाय ते तेव्हाच कळतं. आधी बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आत तापवून ठेवलंय!"

झालं! माझ्या अंगात गुप्तहेर शिरला.

गाडी होती केळीवाल्या नानांची. गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून विकायला काढलेली. पहिल्या एसटीनं येतो असं मी त्यांना कळवलं होतं, पण स्टँडच्या अलीकडेच उतरलो. अचानक हजर व्हायचं ना! अंगणात निंबाखाली गाडी उभी. नाना बाहेर यायच्या आत बॉनेटवर हात ठेवला.

गरम!

"नाना, गाडी कुठं गेली होती का?"

नाना चाचरले. "नही… आसंच, जराशी."

सापडला चोर! मी गोड आवाजात म्हटलं, "थांबतो मी. काही घाई नाही."

आता खानदेशात पाहुणा "घाई नाही" म्हणाला की काय होतं, ठाऊक आहे ना? नानांच्या बायकोनं, अक्कांनी, चुलीवर खापर चढवलं. मांडे भाजायला! "जेवल्याबिगर जायचं नही, भाऊ!"

मी ओसरीवर टेकलो आणि डोळा लागला. उठलो तो थेट बॉनेटकडे. पुन्हा गरम! आणि नाना हातातली पिशवी पाठीमागे लपवतायत. पुरावा, दुसरं काय!

जेवताना वाटीमागून वाटी आमरस ओरपला, पण नजर गाडीवर. हात धुतले आणि तिसऱ्यांदा बॉनेट चाचपलं. गरमच! आता मात्र माझा तोल गेला.

"नाना, मघापासून गाडी जागची हलली नाही. तरी गरम कशी?"

नानांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, वैशाख हाये."

सावली केव्हाच सरकली होती.

"आन् हे सकाळी तुमालेच आणाले गाडी घेऊन स्टँडवर गेल्ते," अक्का म्हणाल्या. "तुमी सापडले नही. मंग तुमचा डोळा लागला तं रसाचे आंबे आणाले गेले. गुडघा ठनकते, तरी! सांगू नको म्हने, पाहुण्याले अवघड वाटीन."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. माझ्या पोटात तर त्यांचाच आमरस होता! नाना, माझं चुकलं, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कांनी पदर डोळ्याला लावला.

"काल एक गिऱ्हाईक आलं, तं टायरले लाथा मारून पाहे. तुमी आल्यापासून गाडीवर बैलावानी मायेनं हात फिरवू राह्यले. मी आमच्या ह्यायले म्हटलं, गाडी द्यायची तं याच भाऊले."

मान खाली घातली आणि शरमेनं, या वेळी खरोखर मायेनं, बॉनेटवरून हात फिरवला. भर दुपारी, तापल्या पत्र्यावर, सावकाश! असा पोळलो की डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून अक्कांना हुंदकाच फुटला, आणि नानांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

थंड इंजिन मी पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या दारात. आई मागच्या सीटवर, मांडीवर बहिणीसाठी पिशवी. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, भसकन काळा धूर सोडला आणि कण्हत कण्हत सुरू झालं. माझं तोंड एवढंसं झालं.

आई म्हणाली, "चालायचंच रे. माझंही सकाळी असंच होतं. म्हणून तू मला विकायला काढलंस का?"