गरम फोनवरचा तळहात

साकोलीहून लाखांदूरला जाणाऱ्या एसटीत एक तरुण मुलगी माझ्या शेजारी होती. बाहेर पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्यांत ढग तरंगत होते. आपल्या मोबाइलच्या पाठीवर तळहात ठेवून ती डोळे मिटून बसली होती, लेकराचा ताप पाहावा तशी.

"चिपवर संशोधन करतो आम्ही, काकाजी. चिप गरम होते ना, त्यातूनबी आतलं गुपित झिरपते."

"बुजवून टाकाचं मंग, बाई."

"बांधीचा धुरा फुटला तं चिखल लावता येते. चिप एकदा बनली का बनली. आमाले एक भोक सापडलं, पन चिप बनवनारी कंपनी म्हनते, उपाय निघेपर्यंत बोलू नका. प्रबंध तसाच पडून आहे."

"माह्या फोनात आहे का ते?"

तिनं माझा फोन उलटून पाहिला, अलगद परत दिला आणि बांध्यांकडे बघत राहिली. उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

झिरपायचं ते तरीही झिरपलंच.