पोरीची फुंकणी

सगळ्यात आधी घरातून घोंगडी गेली. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची ती. माझ्या लग्नात आम्हा दोघांना तिच्यावर बसवलं होतं आणि दोन्ही पोरांना पाचवीला तिच्यावरच निजवलं होतं. थोरला मुलगा तिच्यावर लोळून लोळून मोठा झाला, त्याला कधी साधी शिंक आली नाही. धाकटी पोर चार वर्षांची झाली आणि एका दुपारी, बाजरीची मळणी चालू असताना, तिचा श्वास अडकला. खांदे वर ओढून ती माझ्याकडे बघत होती, गळ्याखालचा खळगा आत जात होता आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. तिला कडेवर घेऊन मी नुसता अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. मेंढा खांद्यावर टाकून डोंगर चढणारा माणूस मी, पण त्या पावशेर हवेसाठी माझं काही चालेना.

ही नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आमचं घर महाळुंगे पडवळला. बापजाद्यांचा धंदा मेंढरांचा, पण माझ्या वेळेपर्यंत कांदा-बटाट्याची शेती वाढली होती आणि घरामागच्या वाडग्यात तीसेक मेंढरं उरली होती. मंचरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हा दमा आहे, पंप द्यावा लागेल, शिवाय घरातली धूळ, धूर, लोकर कमी करा. त्यातलं मी अर्धंच ऐकलं. पंप एकदा लागला की सुटत नाही, हे आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक होतं. पोरीला पंप लागलाय असं कळलं तर पुढे तिला करून कोण घेणार, हेही मनात होतं. चार वर्षांच्या पोरीचं लग्न डोक्यात घेऊन फिरणारा असला मी बाप! तेव्हा पंप राहिला बाजूला आणि मी घर साफ करायला घेतलं. तापट माणसाला ते काम बरं वाटतं, काहीतरी उचलून बाहेर टाकता येतं.

घोंगडी आळे गावाला चुलतभावाकडे धाडली. मागोमाग गोधड्या गेल्या, मांजर गेलं. चूल मोडून गॅस आणला तेव्हा आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. घराला लागून कांदा साठवायची बराख होती, तिची फोलपटं उडतात म्हणून ती उपटली आणि पार शेताच्या टोकाला नेऊन उभी केली. मग शेजाऱ्याच्या मळणीयंत्रावरून त्याच्याशी भांडायला गेलो.

"तुझ्या या भुसकटानं माझी पोर जाईल एक दिवस," मी ओरडलो.

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझी तीन पोरं याच भुसकटात खेळत्यात. त्यांना का न्हाई काय व्हत?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

असं करत दोन वर्षं गेली, शेवटी मेंढरं राहिली. चुलतभाऊ आळ्याहून येऊन ती हाकून घेऊन गेला. पोर दारात उभी होती. तिचं एक पांढऱ्या कानांचं कोकरू होतं, ते मागे वळून ओरडत गेलं.

"माज्यामुळं चालली का वं?" तिनं विचारलं.

"न्हाई गं, चारा पुरत न्हाई आता," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. रिकाम्या वाडग्याकडे मला बघवत नव्हतं, पण आता पोरीचा श्वास मोकळा होणार, अशी माझी खात्री होती.

त्याच हिवाळ्यात तिला आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा झटका आला. भर दुपारी शाळेतून निरोप आला. गावातली जीप केली, आई आणि बायको मागे बसल्या, पोर माझ्या मांडीवर. मंचरच्या अलीकडे हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. पोरीचे ओठ जांभळट पडत चालले होते आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. उतरून ट्रकवाल्यांना शिव्या घालाव्यात म्हटलं, तर ती माझा सदरा सोडेना.

दवाखान्यात तिला औषधाची वाफ दिली. तासाभरानं ती बोलायला लागली, आणि मग डॉक्टर माझ्यावर उखडले. "पंप दोन वर्षांपूर्वी सांगितला होता. का नाही दिला?" मी घरातून काय काय काढलं त्याची यादी वाचायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "घरात आणखी कुणाला दमा होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"व्हता की," मागून आई म्हणाली. "ह्यालाच व्हता. सा-सात वर्सांचा हुईस्तवर असाच धापा टाकायचा. मंग आपोआप ऱ्हायलं."

मी आईकडे बघतच राहिलो. "आन् हे तू आज सांगतीस?"

"आजवर कुनी इचारलंच न्हाई," आई म्हणाली.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, की दम्याची ओढ रक्तातून येऊ शकते. एकच जनुक हे सगळं करत नाही, बरीच बारीक बारीक असतात, काही बापाकडची, काही आईकडची. माझ्या बायकोनं हळूच सांगितलं, तिच्या भावाच्या अंगाला लहानपणी लई खाज यायची. त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो, डॉक्टर म्हणाले. दोघांकडचं थोडं थोडं पोरीत गोळा झालं असेल आणि पोराला त्यातलं फारसं आलं नसेल. धूळ, लोकर काढली हे चांगलंच, त्यानं त्रास कमी होतो, पण धूळ कुणाच्या घरात नसते?

"माझं आपोआप गेलं, मग हिचंच एवढं का?" मी विचारलं.

"ते नक्की मलाही सांगता यायचं नाही," ते म्हणाले.

परतीला जीपमध्ये बसलो. मेंढरांना, चुलीला, शेजाऱ्याला, सगळ्यांना दोष देऊन झाला होता, आणि निम्मी गोष्ट मीच घरात आणली होती. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आमचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पा, मंग आता तुमालाबी आळ्याला धाडायचं का?"

आई हसली, बायको हसली. मीही हसलो आणि खिडकीबाहेर तोंड करून रडलो.

पंप सुरू झाला. बराच फरक पडला, सगळा नाही. गावातली दुसरी एक मुलगी त्याच पंपावर शाळेत पळण्याच्या शर्यतीत उतरायची, आमचीला मात्र औषधं बदलत राहावी लागली. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांनी श्वास मोजायची एक प्लॅस्टिकची नळी दिली. जोरात फुंकायचं, की काटा सरकतो आणि आकडा कळतो. घरात तिचं नाव पडलं पोरीची फुंकणी. चूल गेल्यावर आईची लोखंडी फुंकणी माळ्यावर पडली होती, तिच्या जागी ही आली.

रोज सकाळी पोर फुंकायची आणि आकडा वहीत लिहायची. मग नळी पुसून माझ्या हातात द्यायची. "आता तुमी." माझा काटा साडेपाचशेवर जायचा. ती टाळ्या वाजवायची, आणि मला तो आकडा बघवायचा नाही. ज्यानं दिलं त्याची छाती भात्यासारखी आणि जिला दिलं ती दीडशेवर अडकलेली. म्हणून हळूहळू मी दम चोरून फुंकायला लागलो. गाल फुगवायचे, डोळे मोठे करायचे आणि हवा आतच ठेवायची. माझा काटा तिच्या काट्याच्या जवळपास थांबला की मला जरा बरं वाटायचं. चार-पाच महिने हे चाललं. तिच्या ध्यानात आलं नाही, अशी माझी समजूत.

ती अकरा वर्षांची असताना, कांदा काढणीच्या दिवसांत, एका सकाळी तिचा काटा शंभराच्या थोडाच पुढे गेला. पंप घेऊन ती भिंतीला टेकली होती. आता दवाखाना गाठायचा होता, बायको पिशवी भरत होती. तरी तिनं नळी पुसली आणि माझ्यापुढे धरली. मी फुंकलं. काटा दोनशेवर थांबला.

तिनं काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन शब्दांमध्ये श्वास घेत घेत म्हणाली, "आप्पा, खोटं... फुंकू नका. माजं येत न्हाई. तुमचं तरी... पुरं यिऊ द्या."

काटा खाली ओढून तिनं नळी परत माझ्या हातात दिली. मी छाती भरून श्वास घेतला. श्वास घ्यायची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.