धूर बघणारी मंडळी

फाटक बंद झालं की माणसाला दोनच गोष्टी करता येतात, वाट बघणं आणि बोलणं. येडशीच्या बाहेरच्या फाटकावर आम्ही या दोन्ही गोष्टी इतकी वर्षं केल्या की किस्से साचले नसते तरच नवल! हैदराबाद स्टेट गेलं, आम्ही मुंबई राज्यात मोडू लागलो, मग महाराष्ट्र झाला. याच काळात आमची छोटी लाईनसुद्धा सरकारी झाली. बैठक मात्र तसूभर हलली नाही.

बैठक चौघांची. केरबा गेटमन, तो ड्यूटीवरच असायचा. भुसार मालाचे व्यापारी सिद्रामप्पा, सगळ्यांचे आप्पा. गफूरभाई टेलर. आणि शाळा सुटली की मी, तिथला मास्तर. बार्शीकडून येणारी मालगाडी चढ चढताना इतकी दमायची की इंजिन दिसण्याआधी बराच वेळ त्याच्या धापा ऐकू यायच्या. इंजिन वळणावर दिसायच्या आत आवाजावरून ओळखायचं, हा आमचा नियम. जो बरोबर ओळखेल त्यानं दुसऱ्या दिवशी लाकडी स्लीपरच्या तुकड्यावर बसायचं, बाकीच्यांनी खडीवर. तासभर खडीवर बसून बघा, म्हणजे त्या तुकड्याचा मान कळेल!

इंजिनांना नंबर होते, पण काजळीखाली ते दिसायचे कुणाला? आम्ही बैलांना ठेवावीत तशी नावं ठेवली होती. धापा टाकते ती म्हातारी, ठुमकत येते ती पाटलीण, शिट्टी बसलेली ती मुकी.

*

गफूरभाईंचं प्रकरण आधीच सांगितलेलं बरं. त्यांना एकुलता एक मुलगा, सलीम. बापाचं म्हणणं, शिलाई मशीनवर बस. पोरगा एक दिवस काखेत वळकटी मारून कुर्डुवाडीला गेला आणि इंजिनात कोळसा टाकायला लागला. गफूरभाईंनी भर बाजारात जाहीर केलं, "आजपास्नं त्याचं तोंड बघणार न्हाय."

शब्द पाळला, तोही टेलरच्या मापानं. सलीम ज्या गाडीवर असेल ती आली की त्यांची नजर धुराड्यापासून सुरू व्हायची, तिथून चाकांवर आणि चाकांवरून थेट मागच्या डब्यांवर. मधली खिडकी तेवढी गाळायची. त्या खिडकीतून सलीम बापाकडंच बघत असायचा. ते आम्हा तिघांना दिसायचं.

मी एकदा विचारलं, तोंड बघायचं नाही तर फाटकावर रोज येता कशाला?

"म्या इंजिन बघाया येतो, मास्तर," गफूरभाई म्हणाले. "इंजिनानं माझं काय वाकडं केलंय?"

*

आप्पांना इंजिनात रस बेताचा, डब्यांत जास्त. आत कोणता माल आहे ते आपण डोळे मिटून वासावर सांगतो, असा त्यांचा दावा. एकदा चढावर दम खाऊन मालगाडी फाटकातच थांबली. आप्पा उठले, डोळे मिटले, मान वर करून दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "भुईमुगाची पेंड. ताजी हाय."

केरबानं डबे बघितले. सगळे उघडे आणि रिकामे! पेंड होती, नाही असं नाही. ती आप्पांच्या पाठीमागं, आप्पांच्याच बैलगाडीत, फाटक उघडायची वाट बघत होती.

आप्पा डोळे उघडून एवढंच म्हणाले, "पर ताजी हाय का न्हाय ते बोला."

*

माल जास्त झाला की गाडी त्या चढावर एका दमात निघायची नाही. मग निम्मे डबे तिथंच ठेवून निम्मे आधी येडशीला न्यायचे आणि इंजिन परत येऊन उरलेले ओढायचं. एका लग्नसराईत ते उरलेले डबे बरोबर आमच्या फाटकात उभे राहिले. अलीकडं तामलवाडीचं वऱ्हाड, पलीकडं त्यांना घ्यायला आलेली मुलीकडची मंडळी.

वरमाय आधीच रुसलेली. सामोरं यायला उशीर केला म्हणून बैलगाडीतून उतरणार नाही म्हणाली. पण इंजिन काही येईना. ऊन तापलं, पोरं रडायला लागली. मुलीच्या आईनं दोन डब्यांच्या फटीतून पाण्याची घागर पुढं केली. मग अलीकडून धपाटे गेले, पलीकडून शेंगांची चटणी आली. इंजिन येऊन डबे घेऊन गेलं तेव्हा दोघी विहिणी रुळाच्या दोन बाजूंना बसून सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचल्या होत्या.

मांडवात मानाचा पहिला फेटा बांधला तो केरबाला. मग त्याला इतका माज चढला की आठवडाभर फेटा बांधूनच फाटक उघडायचा!

*

एकदा लांबून ओळखीची शिट्टी आली. एक लांब, एक आखूड, मग पुन्हा लांब. चौघांनी एकदमच सांगितलं, म्हातारी! वळणावर बघतो तर पाटलीण. ड्रायव्हर मात्र म्हातारीवरचाच, त्या दिवशी त्याला दुसरं इंजिन दिलेलं.

आता स्लीपर कुणाचा? आप्पा म्हणाले, चौघंही चुकलो, सगळे खडीवर. गफूरभाईंना ते पटेना.

"शिलाई मशीनची नसती आप्पा, हाताची असती. आपन हात वळीकला."

बोलून गेले आणि काडीनं खडी उकरत बसले. कुणाचा हात आठवला ते आम्हाला कळलं, म्हणून स्लीपरचा वाद तिथंच सोडला.

*

गफूरभाईंच्या बायको, हमीदाभाभी, अधूनमधून बार्शीला बहिणीकडं जायच्या, तेव्हा सलीम त्यांना भेटून जायचा. पण घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांनी वेगळी वाट काढली. गफूरभाई फाटकावरून परतले की दारातूनच विचारायच्या, "आज धुआँ कैसा था जी?"

फायरमनची सगळी परीक्षा धुरात. नवखा माणूस कोळसा भसाभसा टाकतो, धुराड्यातून काळे लोट निघतात. हात बसला की थोडा थोडा पसरून टाकतो, धूर पातळ होतो. पहिले कैक महिने गफूरभाईंचं उत्तर ठरलेलं, "काला." त्या रात्री ते धड जेवायचे नाहीत, असं भाभीच सांगायच्या.

मग एका संध्याकाळी फाटकावर आमच्यादेखत म्हणाले, "आज धूर बरा हाय."

दुसऱ्या दिवशी भाभींनी ईद नसताना शिरखुर्मा करून फाटकावर पाठवला! आप्पांनी आधी इकडं तिकडं बघितलं आणि मग दोन वाट्या रिचवल्या.

*

वर्षं गेली. एक दिवस गार्डानं केरबाला सांगितलं की सलीम ड्रायव्हर झाला. उद्याची मालगाडी तोच आणणार, पहिल्यांदा. केरबानं आम्हाला सांगितलं, आम्ही गफूरभाईंना. ते हूं म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. अंगावर नवा सदरा, इंजिन बघायला! आमच्या मनात एकच, म्हातारा आज तरी त्या खिडकीकडं बघेल का.

चढावरून आवाज आला. त्या दिवशी इंजिन ओळखायचं कुणालाच सुचलं नाही. वळणावर धूर दिसला, मग इंजिन, आणि गफूरभाई उभे राहिले. शिट्टी झाली, लांब आणि थोडी थरथरती. गाडी आमच्या समोरून गेली. सगळे डबे गेले, गार्डही हात करून गेला, तरी केरबाला फाटक उघडायचं भान नाही. बैलगाडीवाले ओरडायला लागले तेव्हा तो हलला.

आप्पांनी घसा साफ केला. उद्या स्लीपरवर कोण ते ठरायचं होतं. "गफूरभाई, कंचं इंजिन हुतं हो?"

"इंजिन?" गफूरभाई म्हणाले. "ते बघितलंच न्हाय म्या."

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो. भाभी दारातच उभ्या होत्या. रोजच्यासारखंच विचारलं, "आज धुआँ कैसा था जी?"

गफूरभाईंनी पायातल्या वहाणा काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

"मूछां रख लिया है," ते म्हणाले.