गाडीवरचं लाल कापड

पास्कलने मला फसवलं नाही. मी पास्कलला फसवलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मशिदीत डोकं टेकताना मनातल्या मनातही नाही. उलट इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की पास्कलने चारचौघांत माझा अपमान केला. तेही खोटं नाही. अपमान त्याने केला होता, आणि त्याचा राग मला आजही येतो, हे लिहितानासुद्धा. पण तो राग पुढे करून मी मागे काय झाकलं — ते आज सांगतो.

मी रत्नागिरीकडचा. कतारला आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात जुने एसी उचलायचो. पुढे भंगाराचं स्वतःचं यार्ड केलं. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, समोरचा थकतो आणि सौदा माझा होतो. एवढं एकच शिक्षण माझ्याकडे आहे.

पास्कल वसईचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा. हळू बोलणारा, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवणारा. आमच्या मराठी मंडळात सगळे त्याचं ऐकायचे — माझं मात्र नुसतं ऐकून घ्यायचे. यातला फरक तुम्हाला कळत असेल.

दोह्याजवळ आज लुसैल शहर आहे, तिथे तेव्हा नुसती वाळू आणि खारट जमीन होती. अल खोरच्या रस्त्यावरून आत वळलं की एका वाळूच्या बांधापुढे बंदुका घेऊन लोक नेम मारायला यायचे. निशाण्याला काय काय मांडलेलं असायचं — तेलाची पिंपं, मोटारीचं दार, बाटल्या. कपड्यांच्या दुकानातला एक पुतळाही होता, बाईचा. चेहरा छर्ऱ्यांनी खाल्लेला, हात मात्र अजून कुणाला तरी थांबवावं तसा पुढे. वारा आला की भोकं पडलेली पिंपं वाजायची. शीळ नव्हे — कुणीतरी तोंड मिटून रडावं तसा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

हिवाळ्यात आपली कुटुंबं त्या भागात सहलीला जायची. एका मुलीच्या पायात काच गेली आणि पास्कलच्या मनाने घेतलं की ही जागा आपण साफ करायची. दर शुक्रवारी, पहाटेचं उजाडलं की. काचा, पत्रे, रिकामी काडतुसं, सगळं वेचायचं आणि नेमबाज येण्याआधी निघायचं. जमीन भुसभुशीत, लहान गाड्या रुतायच्या. म्हणून त्या डांबरी रस्त्यावर ठेवून सगळे चालत यायचे. आत जायची ती फक्त माझी पिकअप.

पास्कलने नेहमीच्या नेमबाजांशी बोलून एक खूण ठरवली होती. मोकळ्या मैदानात गाडी उभी आहे आणि तिच्या मागच्या उंच पाइपावर लाल कापड आहे, याचा अर्थ बांधापाशी माणसं आहेत — बंदूक काढायची नाही. कापड पास्कल स्वतः बांधायचा, दोन गाठी मारून. निघताना स्वतः सोडायचा, प्रत्येकाला नावाने हाक मारून, प्रत्येकाने ओ दिल्यावर. मग त्याची चौकोनी घडी करायचा, रुमालासारखी, काठाला काठ लावून. मी त्याची टिंगल करायचो. "काय रे, इस्त्री करून आणू का?" तो हसायचा.

आता मी का जायचो तिथे? समाजसेवेला? काडतुसांत पितळ असतं. गोळा झालेला माल माझ्या यार्डात जायचा. त्यात वाईट काय? गाडी माझी, डिझेल माझं. असं मी म्हणायचो. पण काही पोती मी कुणाला न सांगता बांधाच्या पाठीमागच्या खड्ड्यात दडवून ठेवायचो आणि मागाहून एकटा येऊन न्यायचो. आपल्याच लोकांनी वाकून वाकून वेचलेला माल.

त्या शुक्रवारी धुकं होतं. कतारमध्ये हिवाळ्यात पडतं तसं, दाट आणि ओलं. समोरचा माणूस बोलताना दिसत नाही. रस्त्यावर सगळे जमले आणि पास्कल म्हणाला, "आजपासून सगळा कचरा बलदियाच्या म्युनिसिपल गाडीत जाईल. इब्राहिमच्या यार्डात नको. लोक बोलतात."

"काय बोलतात?" मी विचारलं.

धुक्यातून दुसराच कुणीतरी बोलला, "हेच, की इब्राहिमभाईंची समाजसेवा किलोवर चालते."

सगळे हसले. चेहरे दिसत नव्हते, नुसतं हसू ऐकू येत होतं. शशीवहिनी — शाळेत शिकवायच्या, मूळच्या नांदेडच्या — त्या तेवढ्या म्हणाल्या, "असं नका हो बोलू, इब्राहिमभाऊ नसते तर आपण इथवर आलो असतो का?" त्यांची ती दया मला हसण्याहून जास्त झोंबली.

पास्कल माझ्या गाडीत बसून पुढे आला. मैदानात त्याने उतरून कापड बांधलं. हो — त्याने बांधलं. मी स्टिअरिंगवर बसून आरशात पाहत होतो. दोन गाठी, मग ओढून पाहिलं, मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "रागावलास का? गाडी हलवू नकोस हां." आणि धुक्यात गेला. बाकीचे मागून चालत आले आणि त्याच्यामागे तेही गेले. गाडीकडे कुणी पाहिलं का? पाहिलं असतं तरी काय दिसणार होतं?

मी बसून राहिलो. माझी पोती आठवली. आता बलदियाची गाडी येणार, माणसं येणार, कुणाला तरी ती सापडणार — आणि मग ते हसू पुन्हा. मी गाडी सुरू केली. पहिल्या गिअरमध्ये, आवाज न करता, बांधाला वळसा घालून मागच्या बाजूला नेली. तुम्ही म्हणाल, कापडाचं भान राहिलं नसेल. राहिलं होतं. आरशात ते मला हलताना दिसत होतं. सोडून मैदानातल्या एका लोखंडी खांबाला बांधायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं, अशा धुक्यात कोण मरायला येतंय नेम धरायला.

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. नेमबाज दुसऱ्या वाटेने आले. दोघं होते. त्यांना मैदान रिकामं दिसलं — ना गाडी, ना कापड. समोर अंधूकसं एक पिंप. पहिला बार झाला तेव्हा मी पाठीमागे पोतं उचलत होतो. मध्ये सबंध बांध होता, मला काही होणार नव्हतं. आणि माझ्या डोक्यावर ते लाल कापड.

आता नीट ऐका, कारण इथवर जे सांगितलं ते हलगर्जीपण आहे. हे वेगळं आहे. पहिल्या बारानंतर मी धावत केबिनमध्ये शिरलो आणि माझा हात हॉर्नवर गेला. तळवा हॉर्नवर होता. दाबला असता तर बंदुका थांबल्या असत्या. नुसतं ओरडलो असतो तरी — सगळ्या मंडळात माझ्याइतका मोठा आवाज कुणाचा होता? पण मला वाटलं, हॉर्न बांधाच्या मागून वाजला तर सगळे विचारतील, इब्राहिम तिथे काय करत होता?

मी हात उचलला.

पलीकडे पास्कल ओरडला, "माणसं आहेत!" मराठीत. घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. हळू बोलणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत काय पोचणार, आणि पोचला तरी काय कळणार? दुसरा बार झाला. छर्रे पिंपावर वाजले, आणि मग एक किंकाळी, बारीक, एकदाच. त्यानंतर पिंप घुमत राहिलं, बराच वेळ.

मी काय केलं? कापडाच्या गाठी सोडल्या. सुटेनात, दातांनी सोडल्या. कापड सीटखाली कोंबलं, पोती पुन्हा खड्ड्यात लोटली आणि मगच गाडी वळवून आलो.

शशीवहिनींच्या डाव्या डोळ्याला लागलं होतं. ते दोघं नेमबाज आमच्याहून जास्त हादरले होते. एकजण सारखा हात जोडून मोडक्या हिंदीत म्हणत होता, "झंडा नहीं था, भाई, गाडी भी नहीं थी." पास्कल माझ्याकडे वळला. त्याच्या शर्टावर रक्त होतं.

"इब्राहिम, कापड?"

पूर्ण खोटं कुणी घेत नाही. अर्धं खरं घालावं लागतं. मी म्हणालो, "गाडी मी रस्त्याकडे मागे घेतली, तूच म्हणालास ना, आज कापड खांबाला बांधतो? गाडीवर कुठे होतं?"

"मी — गाडीला बांधलं रे. बांधलं ना?"

"मी पाहिलं नाही बाबा."

तो खांबाकडे पाहत राहिला. मग आपल्या हातांकडे. त्या क्षणी मला कळलं की सौदा माझ्या बाजूने झुकतोय. हा शब्द मी मुद्दाम वापरतो.

वहिनींना त्या नेमबाजांच्याच गाडीतून न्यायचं ठरलं. पास्कल त्यांचं डोकं धरून आत बसला आणि माझ्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली दिली. "माझी गाडी घेऊन ये हॉस्पिटलला." माझ्यावर भरवसा ठेवून दिली. मी पिकअप तिथेच ठेवली, सीटखालून कापड काढलं आणि शर्टात घालून रस्त्यापर्यंत चालत गेलो. त्याच्या डिकीत हातमोज्यांच्या पिशवीशेजारी कापडाची जागा ठरलेली होती. मी बॉनेटवर ते पसरलं आणि घडी केली. त्याच्यासारखी. काठाला काठ लावून. माझे हात थरथरत नव्हते. थरथरले असते तर घडी तशी झाली नसती.

संध्याकाळी ते त्याला त्याच्याच हाताने सापडलं. मी शेजारी उभा होतो. त्याने घडी उघडली नाही, नुसता तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे मी डिकीतून काढलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आणायला मी एकटा गेलो. पुन्हा धुकं. पिंपं वाजत होती. पुतळा होता तिथेच होता, हात पुढे. गाडीचं दार उघडताना बांधाच्या दिशेने धुक्यात उंचावर काहीतरी लाल दिसलं. हळू सरकत होतं, बांधाला वळसा घालून मागच्या बाजूला जाणारं. मी पाहिलं, शपथेवर सांगतो. कापड त्या वेळी दोह्यात, पास्कलच्या डिकीत होतं.

शशीवहिनींनी हॉस्पिटलमध्ये तेच सांगितलं होतं. "लाल होतं. पण चालत होतं. धुक्यातून चालत गेलं." नवरा म्हणाला, धक्का बसलाय तिला. सगळे तसंच म्हणाले. पुढे अल खोरला जाणारे ड्रायव्हर माझ्याच यार्डात चहा पिताना सांगायचे, धुक्यात त्या वाळवंटात एक लाल दिवा फिरतो, त्याच्या मागे जायचं नाही. मी त्यांना हसायचो. आणि धुक्याच्या दिवशी त्या रस्त्याने जाणं टाळायचो.

वहिनींचा तो डोळा गेला. मंडळाच्या बैठकीत पास्कल स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, चूक माझी. कुणी त्याला खाली बस म्हटलं नाही. मीही नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो आणि — लपवत नाही — मला बरं वाटलं. आता हसा म्हणावं.

पण नंतर लॅबमधून गोष्टी कानावर यायला लागल्या. पास्कल एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासतो. रिपोर्टवर सही करत नाही. केली तर परत मागवतो. ज्या माणसाचा स्वतःच्या हातांनी केलेल्यावरच विश्वास उरला नाही, तो दुसऱ्याच्या रक्ताबद्दल काय लिहिणार? त्याने नोकरी सोडली. विमानतळावर मी पोचवायला गेलो होतो. माझा हात धरून म्हणाला, "तू तरी माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस."

मध्यंतरी सुट्टीवर आलो तेव्हा वसईला त्याच्याकडे गेलो. जेवण झालं, बाहेर निघालो. फाटकापर्यंत आलो आणि तो थांबला.

"इब्राहिम, मी कुलूप लावलं?"

दाराला कुलूप दिसत होतं. तिथूनच दिसत होतं. पण तो दाराकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"लावलंस," मी म्हटलं.

"नक्की ना? तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग झालं," तो म्हणाला आणि निश्चिंत होऊन चालायला लागला. त्याला बायको आहे, मुलगा आहे; त्या दिवशी दोघं बाहेर गेले होते. तो म्हणाला, त्यांचंही पटत नाही रे, तूच एक खरं सांगतोस. मी त्याच्याबरोबर बाजारापर्यंत चाललो. वाट चांगली लांब होती. सांगायला पुरेशी होती. मी भाज्यांचे भाव बोलत राहिलो.

म्हणून आता लिहून ठेवतो. पास्कलने कापड बांधलं होतं. गाडीच्या पाइपाला, दोन गाठी मारून, ओढून पाहून. त्याच्या हातांनी कधी चूक केली नाही. मंडळाच्या बैठकीत ज्यांनी त्याला एकट्याला उभं राहू दिलं, त्यांनी ‘बांधामागे तू काय करत होतास?’ हा प्रश्न आता योग्य माणसाला विचारावा. शशीवहिनींनी विचारावा. त्यांच्या नवऱ्याने विचारावा. इब्राहिमने जाब द्यावा — चढ्या आवाजात नाही, भाव न करता, आणि पास्कलच्या समोर.