माँसाबची कचेरी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. इंदूरच्या आमच्या देवस्थान कचेरीत ते फायलींवरच्या धुळीसारखे साठले. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हसावं की रडावं तेच कळेना!

*

बाहेरून नवे साहेब आले. श्रावणातल्या पुण्यतिथीची फाईल त्यांच्यापुढे ठेवली. देवीची पालखी निघते, सारं शहर लोटतं. साहेबांनी विचारलं, "ये देवी कौन-सी? दुर्गा या काली?"

आमचे हेडक्लार्क नाना म्हणाले, "राणी होत्या, साहेब. प्रजेनं देवी केलं. सगळे माँसाब म्हणतात."

"अच्छा! तो डेथ सर्टिफिकेट लगाइए!"

*

मग भिंतीवरची माँसाबची तसबीर उतरवून कोठीत गेली. तिथं पुढाऱ्यांचे फोटो यायचे होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो रिकाम्या खिळ्याला हार! साहेब आमच्या मालवी चपराश्यावर, गेंदालालवर उखडले.

तो शांतपणे म्हणाला, "साब, बदली फोटू की हुई हे. माँसाब की थोड़ी!"

आठवड्यात गेंदालालची बदली इंदूरबाहेर, हातोदला झाली.

*

नानांची उभी हयात मोडी लिहिण्यात गेली. सहीसुद्धा मोडीच. साहेबांनी ती उलटीसुलटी पाहिली. "ये क्या कीड़े-मकोड़े हैं? नहीं चलेगा."

"तीस वर्षं हीच चाललीय, साहेब."

"पढ़ी नहीं जाती, तो अंगूठा लगाइए!"

नानांनी लावला. मग नळावर जाऊन कितीतरी वेळ शाई धूत बसले. आम्ही कोणी तिकडे बघितलं नाही.

*

रहीमचाचांचं घराणं पिढ्यान्पिढ्या पालखीपुढे सनई वाजवणारं. संस्थान गेलं, चाचांची जागा रद्द झाली. त्या वर्षी पालखीला मंत्री येणार म्हणून मांडवाभोवती दोरखंड बांधले, आत जायला पास. यादी माझ्याच हातची होती. साहेब म्हणाले, "जिसका पद नहीं, उसका पास नहीं." मी नाव खोडलं.

सनईची रेकॉर्ड लाउडस्पीकरवर लावली. मंत्री भाषणात म्हणाले, "माँसाहब ने हिंदू-मुसलमान में कभी फर्क नहीं किया!" टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात दोराबाहेर चाचा दिसले. काखेत कापडात गुंडाळलेली सनई. मी धावलो. "चाचा, थांबा, मी साहेबांशी बोलतो."

"रहने दो, भिया."

पालखी समोरून मांडवात गेली. चाचांनी जोडे काढले, वाकून सलाम केला. मग माझ्या खिशाला लावलेल्या पासकडे बघत म्हणाले,

"तुम अंदर जा रिये हो ना? माँसाब से कह देना, रहीम आया था."