दोघांपुरता तंबू

पिंपरी स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. कऱ्हाडहून आदल्या दिवशी एस.टी.ने पुण्याला आलो, मुक्काम चुलतभावाकडे केला आणि सकाळी लोणावळ्याकडे जाणारी गाडी धरली. खिडकीतून बाहेर बघावं तर कापणीला आलेली बाजरी, मोटेची विहीर, आणि लगेच पुढे कुठल्यातरी नव्या कारखान्याची भिंत, तिच्यावर बांबूच्या परांच्या आणि विटा वाहणारी माणसं. ती संपली की पुन्हा बाजरी. हे गाव आहे की शहर व्हायला निघालंय ते मला काही कळेना. पुढच्या दोन दिवसांत ज्या अनेक गोष्टी मला कळल्या नाहीत, त्यांतली ही पहिली.

लोक प्रवासाला देव बघायला जातात, समुद्र बघायला जातात. मी तंबू बघायला आलो होतो. त्याचं कारण सांगायला हवं. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि गेली नऊ वर्षं दिवाळीच्या सुटीत एका मित्राबरोबर पाठीवर सामान बांधून सह्याद्रीत भटकतो. त्या दिवसांत आमची ही मुलांना घेऊन माहेरी जाते, आणि जाण्याआधी माझ्यासाठी चिवड्याचा डबा भरून ठेवते. यंदा मित्राची बदली नागपूरला झाली. मी हळहळत बसलो होतो, तेव्हा ही डबा पुसता पुसता म्हणाली, "मुलं आजोळी राहतील. मी येते तुमच्याबरोबर."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी अडचणी सांगायला लागलो. आम्ही देवळात झोपतो, कुणाच्या पडवीत पथारी टाकतो, तिथं बाईमाणसाची सोय कशी व्हायची? ती म्हणाली, तंबू आणा. मी म्हटलं, तंबू वाहायला हमाल लागतो. तर म्हणाली, "हलका आणा. निम्मा मी उचलीन." मी बरं म्हणून बसलो. हलका तंबू मिळाला तर ती भीमाशंकरच्या डोंगरात येणार, नाही मिळाला तर यंदाही माहेर. आणि खरं सांगायचं तर तो मिळावा असं मला वाटत होतं की न मिळावा, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पिंपरीत लष्कराने मोडीत काढलेला माल विकायला असतो, हे आमच्या कवायतीच्या मास्तरांनी सांगितलं होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची इथं मोठी वसाहत आहे. बराकींच्या ओळी, त्यांच्या पुढे गोणपाटाचे आडोसे, आणि प्रत्येक आडोशाला काही ना काही विकायला मांडलेलं. बूट, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या, मच्छरदाण्या, आणि मला ओळखता न आलेल्या शंभर वस्तू. एका दुकानापुढे खाकी कापडाचा ढीग दिसला म्हणून थांबलो. दुकानदार साठीच्या घरातला, पांढऱ्या मिशांचा. मी काही विचारण्याआधीच त्यानं मला खुर्ची दिली आणि भाजलेला पापड व पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्याकडे आल्या माणसाला आधी हेच देतात. थोड्या वेळानं आतून पकवान (कडक तळलेली मोठी पुरी) आणि वर घट्ट डाळ आली. खाऊन झाल्यावर काही न घेता उठायची सोय राहिली नाही.

तंबूंची मात्र मला काही केल्या संगती लागेना. पहिला उघडला तो उचलायला चार माणसं लागली. दुसऱ्याला मधोमध एकच खांब आणि सभोवार पंधरावीस खुंट्या, त्यात आमची अख्खी आळी झोपली असती. तिसरा हलका होता, पण वर छप्पर नव्हतं. ती मच्छरदाणी निघाली. मी विचारीन त्या प्रत्येक वेळी शेठजी म्हणत, हा चांगला आहे. सगळेच चांगले असल्यावर माणसानं निवडायचं कसं? शेवटी ढिगाच्या तळाशी एक छोटी गुंडाळी हाताला लागली. कापड मऊ, जाडसर, पाणी न झिरपणारं. एका कडेला ओळीनं काजं (बटणांची घरं). शेठजींनी घरातली तागडी आणली. अडीच शेर भरली.

"दोन माणसांची आहे?" मी विचारलं.

"दोन माणसांचीच. फौजी चीज आहे, साहेब. पण दोन घ्या. एकानं काय होणार?"

हे ऐकून मी मनात हसलो. कऱ्हाडच्या बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एकाच्या जागी दोन वस्तू गळ्यात घालणारे दुकानदार नवे नव्हते. ते तीनदा म्हणाले, दोन घ्या. मी तीनदा म्हटलं, मला एकच पुरे. शेवटी त्यांनी खांदे उडवले आणि साहेबांची मर्जी म्हणून गुंडाळी बांधून दिली. अडीच शेरांत दोन माणसांचं घर मिळवल्याच्या आनंदात मी तिथून निघालो.

तंबू उभा करून बघायचा तर चार लोकांच्या नजरेआड, म्हणून पवना ओलांडून रहाटणीच्या बाजूला गेलो. तिथं एका मळ्यात म्हातारा-म्हातारी बाजरीची कणसं खुडत बसली होती. मी कऱ्हाडचा शाळामास्तर अशी ओळख सांगून परवानगी मागितली, त्यांनी दोन काठ्याही दिल्या. दोर ताणला, खुंट्या ठोकल्या. एक बाजू छान उतरती उभी राहिली. मग दुसरी बाजू शोधायला लागलो. कापड उलटं केलं, आडवं केलं, घडीत काही राहिलं का पाहिलं, खुंट्या उपटून जागा बदलल्या. दर वेळी एकच उतरती बाजू उभी राही आणि पलीकडून सबंध रहाटणी दिसे. माझ्या कपाळाला घाम फुटला. म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी उठून आला, वाकून आत पाहिलं आणि पलीकडून बाहेर निघाला.

"मास्तर, ह्येला एकच बाजू हाय की," तो म्हणाला. "दुसरी कुठं हाय?"

म्हातारीनं कापड बोटांनी चाचपलं. खळ्यावर टाकायला बेस हाय म्हणाली. मग त्या काजांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यात बटणं घालायची अस्त्याल. म्हंजी बटणाचं बी आसंल कुठंतरी."

तोंडात मारल्यासारखं झालं. दोन फौजी, दोघांच्या पाठीवर एकेक अर्धा. मुक्कामाला पोचले की बटणं काजांत घालायची आणि दोघांचं मिळून एक छप्पर. शेठजी तीनतीनदा सांगत होते ते हेच, आणि मी त्यांना लबाड ठरवून मोकळा झालो होतो. त्या दोघांनी मला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, म्हणून पायांत परत चालायचं बळ आलं.

संध्याकाळी पिंपरीच्या दुकानी पोचलो तर ढिगाच्या जागी नुसती जमीन. दुपारीच एका बांधकामाच्या कंत्राटदारानं सिमेंटच्या गोण्या झाकायला सगळा माल उचलून नेला होता. शेठजी मला एका शब्दानं लागेल असं बोलले नाहीत. घरात जाऊन पुन्हा पापड-पाणी घेऊन आले, ते मला जास्त लागलं. मग मी काय करावं हे तेच सांगू लागले. चाकणला चाँदभाई म्हणून तंबू शिवणारे आहेत, तमाशाच्या कनाती शिवतात, त्यांना दाखवा. उद्या शनिवार, चाकणचा बाजार, ते नक्की भेटतील.

रात्र पुन्हा चुलतभावाकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी नाशिक रस्त्यावरून जाणारी मोटार पकडली. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. आळंदीला जाणारी टाळकरी पोरं मध्येच चढली आणि उतरली. चाकणच्या बाजारात बैलांची इतकी गर्दी की मी दोनदा त्याच दावणीपाशी परत आलो. चाँदभाई एका लिंबाखाली दाभण घेऊन बसले होते. मांडीवर कनात, दोऱ्याला मेण. मी कोण, कुठला मास्तर ते सांगितलं. माझा अर्धा त्यांनी उलगडला, उजेडाकडे धरला आणि काम चांगलं आहे म्हणाले. मग एक सुतळी कडेनं ताणून प्रत्येक काजाशी तिला एकेक गाठ मारली. या गाठींवर बटणं लावली की दुसरा अर्धा बिनचूक बसेल, कापड इथंच ठेवायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, हा दुसरा कोण उचलणार?

मी म्हटलं, मित्र. किती उंच? मी हातानं दाखवलं. खांद्यात किती रुंद? तेही दाखवलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. एवढासा मित्र आहे का, असं काहीतरी पुटपुटले. मग मला सांगावंच लागलं की मित्र नाही, बायको आहे.

"मग आडून कशाला सांगता, मास्तर? ह्यात शरम कसली?" ते म्हणाले. "आमच्या फडाबरोबर बाया चालतात. काठ्या त्याच उचलतात. पण माझा एक रिवाज हाय. ज्यानं उचलायचं त्यानं इथं येऊन माप द्यायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर मी शिवत न्हाई."

मी विचारलं, माझ्या सांगण्यावर का नाही? त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्या बाई कोणत्या कुशीवर झोपतात? कोणता खांदा दुखतो? मला दोन्ही सांगता येईना. नऊ वर्षांत सह्याद्रीतली प्रत्येक वाट मला पाठ झाली होती आणि हे ठाऊक नव्हतं. त्यांनी गाठींची सुतळी गुंडाळून लिंबाच्या फांदीला अडकवली आणि परत कनात मांडीवर घेतली.

परतीच्या एस.टी.त एक वाईट विचार मनात आला, तो लपवत नाही. एका माणसाला ती एक बाजूही पुष्कळ होती. वारा येईल त्या अंगाला लावली की झालं. घरी जाऊन म्हणायचं, दोघांचा तंबू काही मिळाला नाही, बुवा. ते खोटंही नव्हतं. पुण्यापासून साताऱ्यापर्यंत मी हे वाक्य मनात घोळवलं, आणि साताऱ्यापासून पुढे तिनं डबा पुसताना माझ्याकडे कसं पाहिलं होतं ते आठवत राहिलं. कऱ्हाडला उतरलो तेव्हा काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं.

दारात तिनं आधी गुंडाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगून टाकलं. शेठजी, रहाटणीची म्हातारी, चाँदभाई, सुतळी. फक्त एस.टी.तला विचार तेवढा गाळला. बोलता बोलता मी अपराध्यासारखा म्हणालो, "अर्धाच मिळालाय."

तिनं गुंडाळी उचलली. पदर खोचला, दोरी खांद्यावरून घेतली आणि अंगणात चालायला लागली. विहिरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. एकदा डाव्या खांद्यावर घेतली, पण लगेच पुन्हा उजव्यावर. मी पायरीवर बसून बघत होतो आणि मला एवढंच कळलं की डावा खांदा तिचा दुखरा आहे. चार खेपा झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन थांबली. गुंडाळी खाली ठेवली नाही.

"बरा आहे. हलका आहे," ती म्हणाली. "हा माझा झाला. तुमचा तुम्ही बघा."

मला वाटलं होतं, तिला नेणं न नेणं माझ्या हातात आहे. पुढच्या शनिवारी मी पुन्हा चाकणच्या मोटारीत बसलो होतो, माझं माप द्यायला.